अपुऱ्या मेमरीची सूचना आणि तिचे खरे कारण

घरच्या संगणकाच्या पडद्यावर मेमरी अपुरी पडत असल्याची सूचना झळकली, की तिचा अर्थ ‘जागा भरली’ असाच लावला जातो. बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी हवा तो सुटा भाग न मिळाल्यास नांदेडची किंवा सीमेपलीकडच्या निजामाबादची वाट धरावी लागते, त्यामुळे तेथे हा गैरसमज खिशाला विशेष महाग पडतो. त्यापोटी होणारे पहिले नुकसान म्हणजे लग्नकार्याचे फोटो आणि जुने व्हिडिओ घाईघाईने पुसून टाकणे. ते पुसल्यावरही सूचना पुन्हा येते, कारण फोटो हार्ड डिस्कवर असतात आणि सूचना चालू कामापुरत्या लागणाऱ्या स्मृतीविषयी असते. या स्मृतीचा मुख्य भाग म्हणजे रॅम. ती वीज असेपर्यंतच टिकते, आणि ऐन भारनियमनात न साठवलेला अर्ध्यावरचा अर्ज हातचा जातो तो याच कारणाने.

मात्र एवढा भेद सांगून थांबणे पुरेसे नाही. रॅम भरत आली, की विंडोज तिच्यातील तूर्त न लागणारा मजकूर सी ड्राइव्हवरील ‘पेज फाइल’ नावाच्या राखीव फाइलमध्ये हलवते. डिस्कची अशी उसनी जागा घेऊन स्मृती वाढवण्याच्या पद्धतीस आभासी स्मृती म्हणतात, आणि १९६२ साली मँचेस्टर येथे सुरू झालेल्या ॲटलस संगणकात ती प्रथम वापरात आली. रॅम आणि पेज फाइल मिळून जी मर्यादा ठरते, तिच्याजवळ सर्व प्रोग्रामांची एकत्रित मागणी पोहोचली, की सूचना येते. म्हणूनच सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर पेज फाइलला वाढण्यास वाव राहत नाही आणि तेथील जागा मोकळी केल्याने फरक पडतो, डी ड्राइव्हवरचे फोटो पुसल्याने सहसा पडत नाही. संगणक वेगवान व्हावा म्हणून पेज फाइल बंदच करण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो कमी रॅमच्या यंत्रावर आगीत तेल ओतणारा आहे.

निदानासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व ‘परफॉर्मन्स’मधील ‘मेमरी’ या विभागात ‘कमिटेड’खालील दोन आकडे पाहावेत, तेथे ५.७/५.९ असे दिसत असेल, तर मागणी मर्यादेला भिडली आहे असे समजावे. त्यानंतर ‘प्रोसेसेस’मध्ये मेमरीच्या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केल्यास सर्वाधिक स्मृती व्यापणारा प्रोग्राम वर येतो. तो बहुधा ब्राउझर निघतो, कारण एका टॅबमध्ये सातबारा, दुसऱ्यात परीक्षेचा अर्ज आणि तिसऱ्यात यूट्यूब उघडे ठेवून कामे चाललेली असतात. हाती काही काम नसतानाही एखाद्या प्रोग्रामचा आकडा तासागणिक चढतच असेल, तर तो घेतलेली स्मृती परत करत नाही असा संशय घ्यावा. या दोषाला मेमरी लीक म्हणतात, आणि त्यावर तो प्रोग्राम बंद करून अद्ययावत करणे किंवा काढून टाकणे हाच उपाय असतो. येथे एक बारकावा हमखास सुटतो. विंडोज १० व ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास ‘शट डाउन’ केल्याने विंडोजचा गाभा पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही, ‘रीस्टार्ट’ केल्याने होतो. त्यामुळे रोज रात्री संगणक बंद करणाऱ्याकडेही आधीचा बिघाड सकाळी तसाच उभा राहू शकतो.

एवढे करूनही मागणी खरोखरच मोठी ठरली, तर रॅम वाढवावी. परंतु खरेदीपूर्वी विंडोज किती बिटची आहे हे सांगणारा ‘सिस्टिम टाइप’ पाहावा, कारण घरगुती वापराची ३२ बिट विंडोज ४ जीबीपलीकडची रॅम वापरू शकत नाही आणि वाढीव रॅमचे पैसे वाया जातात. डीडीआर३ आणि डीडीआर४ या जातींच्या पट्ट्यांच्या खाचाही वेगवेगळ्या जागी असतात, म्हणून जुनी पट्टी दुकानात सोबत नेणे केव्हाही शहाणपणाचे.

ब्राउझरमध्ये अचानक उघडणारी, कर्कश आवाज करणारी आणि ‘ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असे बजावणारी सूचना मात्र अगदी वेगळ्या जातीची असते. विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीही नसतो. अशा नंबरवर बोलून पैसे गेले असल्यास वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.