अग्निशमन जवानांच्या वैद्यकीय प्रशिक्षणासाठी निधी कसा उभारावा

महामार्गावर ट्रकखाली चेपलेल्या मोटारीचा पत्रा कापायला अग्निशमन दलाचे जवान येतात. विहिरीत पडलेल्याला तेच वर काढतात, विजेच्या धक्क्याने कोसळलेल्यापर्यंतही अनेकदा तेच आधी पोहोचतात. महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा जानेवारी 2014 पासून सुरू आहे आणि तिच्यासोबत डॉक्टर येतो. पण तालुक्याच्या गावी ती गाडी त्या क्षणी दुसऱ्या रुग्णाकडे गेलेली असू शकते. मधल्या मिनिटांत जखमी माणूस जवानांच्याच हातात असतो. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीदाब आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर त्याची वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. म्हणून या जवानांना शिकवणे हे जीव वाचवण्याचेच काम आहे आणि त्यासाठी पैसा मागताना कुणीही संकोच करू नये.

हा पैसा मिळू शकतो. मात्र मागताना गाडीबरोबर माणसाचा विचार व्हायला हवा. खासदार निधी टिकाऊ सामुदायिक मालमत्तेसाठी असतो, त्यातून वाहन येईल, पण प्रशिक्षणाचे शुल्क त्यात बसत नाही. ते शुल्क उभे करण्याचा सर्वांत मोकळा मार्ग म्हणजे कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजेच सीएसआर. पुढची कृती नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राला समोर ठेवून मांडली आहे. महापालिकेच्या दलालाही ती थोड्या फरकाने लागू पडेल.

आधी काय जमवावे

- मागील तीन वर्षांच्या वर्दी-नोंदवह्या
- जवानांची पाळीनिहाय यादी, वय, शिक्षण व झालेली प्रशिक्षणे
- उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचे सहकार्याचे पत्र
- दोन-तीन प्रशिक्षण संस्थांची लेखी दरपत्रके
- केंद्राच्या हद्दीतील कंपन्यांची यादी

1. नोंदवहीतून गरज सिद्ध करा

वर्दी कधी आली, गाडी कधी निघाली, कधी पोहोचली, कधी परतली, या वेळा नोंदवहीत असतात. जखमी माणूस मात्र शेऱ्याच्या रकान्यात एका ओळीत संपतो : ‘जखमीस दवाखान्यात पाठविले.’ निधी देणाऱ्याला जे समजायला हवे, ते सगळे या ओळीमागे दडलेले असते. पोहोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता का, श्वास चालू होता का, रक्त कुठून जात होते, रुग्णवाहिका किती वाजता आली?

आजपासूनच नोंदवहीत चार रकाने वाढवा : जखमींची संख्या, पोहोचताना अवस्था, जवानांनी केलेले उपचार, रुग्णवाहिका आल्याची वेळ. जुन्या नोंदींतून रस्ते अपघात, बुडणे, विजेचा धक्का, इमारत कोसळणे अशा वर्द्या वेगळ्या काढा. आगीच्या किती आणि माणूस वाचवण्याच्या किती, हे एका तक्त्यात मांडा. रुग्णवाहिकेच्या आधी आपण किती मिनिटे पोहोचलो, हा आकडा तुमच्या प्रस्तावाचा कणा आहे. तो जुन्या नोंदींत सापडत नसेल तर तीन महिने नवे रकाने भरा आणि मग अर्ज करा. अंदाजे आकडा लिहू नका.

2. प्रशिक्षणाची पातळी ठरवा

‘पॅरामेडिक’ हा शब्द मोठा आहे आणि त्यामागचे शिक्षण दीर्घ आहे. सगळ्या केंद्राला तिथवर नेण्याचे आश्वासन देऊ नका. दोन पायऱ्या ठेवा.

पहिली पायरी सर्वांसाठी : मूलभूत जीवरक्षण, रक्तस्राव थांबवणे, मान व पाठीचा कणा स्थिर ठेवून माणूस बाहेर काढणे, भाजल्यावरचे उपचार. मोठ्या माणसाच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, 30 दाबांनंतर 2 श्वास, हे हाताला सवयीचे व्हायला हवे. बुडालेल्याला श्वास आधी द्यावा लागतो, कारण त्याचे हृदय प्राणवायूअभावी थांबलेले असते. हे वाचून जमत नाही, पुतळ्यावर घाम गाळावा लागतो.

दुसरी पायरी निवडकांसाठी : आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा, म्हणजे ईएमटीचा, मूलभूत अभ्यासक्रम. त्यात रुग्णालयातील आणि रुग्णवाहिकेवरील प्रत्यक्ष काम हवेच. संस्था निवडताना प्रमाणपत्र कोण देते, अपघात विभागात किती तास मिळतात आणि शिकवणी मराठीत होते का, हे तीन प्रश्न विचारा.

3. खर्च मांडताना माणसांची वेळ मोजा

बहुतेक प्रस्ताव इथेच अपुरे पडतात. शुल्क लिहिले जाते, पण जवान वर्गात बसला असताना केंद्रावर कोण, याचे उत्तर कुठेच नसते.

समजा, केंद्रात 24 जवान आहेत, तीन पाळ्यांत प्रत्येकी आठ. रजा आणि साप्ताहिक सुट्ट्या धरून प्रत्येक पाळीत दोन ईएमटी कायम हजर हवे असतील, तर पाळीमागे तीन, म्हणजे एकूण नऊ जण शिकवावे लागतील. तिघांची एक तुकडी करा, प्रत्येक पाळीतून एक. त्यामुळे कोणतीही पाळी सातच्या खाली जात नाही. अभ्यासक्रमासाठी प्रत्येकाला 60 पाळ्या मोकळे ठेवावे लागत असेल, तर नऊ जणांच्या 540 पाळ्या होतात. त्या कशा भरणार : जादा कामाचा भत्ता देऊन, बदली सुट्टी देऊन की तात्पुरते मनुष्यबळ घेऊन? जे ठरेल ते रुपयांत लिहा.

अमेरिकेत फेमा ही केंद्रीय संस्था अग्निशमन दलांना जे अनुदान देते, त्यात प्रशिक्षणाला गेलेल्यांच्या जागी काम करणाऱ्यांचा खर्चही मागता येतो. स्थानिक संस्थेने मात्र लोकसंख्येनुसार 5, 10 किंवा 15 टक्के वाटा उचलायचा असतो. आपल्याकडे हा बदली पाळ्यांचा खर्च नगरपरिषदेने स्वतःचा वाटा म्हणून उचलावा. दात्याला त्यातून दिसते की पालिका केवळ हात पसरत नाही, स्वतःचेही काही घालते आहे.

खर्चाच्या तक्त्यात या बाबी हव्यात : शुल्क व परीक्षा, प्रवास व निवास, सरावाचे पुतळे, स्वयंचलित हृदयझटका यंत्र, स्पाइन बोर्ड, मानेचे पट्टे, टूर्निके, हातमोजे, हिपॅटायटिस-बीची लस आणि दोन वर्षांनंतरची उजळणी. लसीचे तीन डोस असतात : आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. म्हणून पहिला डोस निधीची वाट न पाहता द्या.

4. सभेचा ठराव घ्या

मुख्याधिकाऱ्यांमार्फत विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आणा. प्रशासक नेमलेले असतील तर त्यांच्याकडून मंजुरी घ्या. ठरावात चार गोष्टी स्पष्ट हव्यात : प्रशिक्षणाला मान्यता, पालिकेचा वाटा व त्याचे लेखाशीर्ष, करारावर सही करण्याचे अधिकार, आणि प्रशिक्षित जवानाला ठरावीक काळ आपत्कालीन कामावरच ठेवण्याची हमी. ही शेवटची हमी सोडू नका. शिकलेला जवान अतिक्रमण विभागात गेला, तर तो निधी वाया गेला.

5. योग्य दार निवडा

ज्या कंपनीची आधीच्या आर्थिक वर्षातील निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही त्याच कलमात आहे. म्हणून शेजारच्या औद्योगिक वसाहतीपासून सुरुवात करा. कायद्याच्या अनुसूची सातमध्ये आरोग्य, कौशल्यशिक्षण आणि आपत्ती व्यवस्थापन हे तिन्ही विषय आहेत. तुमचे काम कशात बसते, ते प्रस्तावात नाव घेऊन लिहा.

एक सावधगिरी बाळगा. कंपनीच्या स्वतःच्या सुरक्षा रक्षकांचे प्रशिक्षण यात मिसळू नका. फक्त आपल्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे किंवा दुसऱ्या कायद्याने बंधनकारक असलेले काम कंपनीला यात दाखवता येत नाही.

उपकरणे महाग वाटली, तर त्यांची मागणी वेगळी करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा नियोजन समितीकडे न्या. कंपनीकडे प्रशिक्षण मागा.

6. प्रस्ताव चार पानांत बसवा

पहिल्या पानावर गरज आणि तुमचा तक्ता. दुसऱ्यावर कोणाला, काय, कुठे, किती दिवसांत शिकवणार. तिसऱ्यावर खर्च, त्यात कंपनीचा वाटा आणि पालिकेचा वाटा शेजारीशेजारी. चौथ्यावर मोजमाप : वर्षभरात किती जवान उत्तीर्ण होतील, किती वर्द्यांत प्रत्येक गाडीवर ईएमटी असेल, किती जखमींची नोंद पूर्ण भरलेली असेल. ‘अमुक जीव वाचवू’ असे वचन देऊ नका, कारण ते तुमच्या एकट्याच्या हातात नाही. वैद्यकीय अधीक्षकांचे पत्र, ठराव आणि दरपत्रके जोडा.

कंपनीची सीएसआर समिती वर्षाचा कृती आराखडा ठरवते. प्रस्ताव नवे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत, संबंधित अधिकाऱ्याच्या हाती द्या आणि त्यांना एक दिवस केंद्रावर बोलवा. कवायतीचे प्रदर्शन नको, नोंदवही उघडून दाखवा.

7. करार आणि पैशाची वाट

कंपनी हे काम स्वतः राबवून शुल्क थेट प्रशिक्षण संस्थेला देऊ शकते, किंवा दुसऱ्या संस्थेमार्फत राबवू शकते. दुसऱ्या संस्थेमार्फत करायचे तर त्या संस्थेची सीएसआर-1 नोंदणी लागते. 1 एप्रिल 2021 पासून ती बंधनकारक आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक आधीच मागून घ्या. पैसा पालिकेच्या खात्यात येणार असेल, तर स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवा. कंपनी, पालिका आणि प्रशिक्षण संस्था यांच्यात सामंजस्य करार करा. हप्ते, हजेरी, अनुत्तीर्णांची फेरपरीक्षा आणि उपकरणांची मालकी हे मुद्दे त्यात लिहून घ्या.

8. पहिली तुकडी परतल्यावर

उत्तीर्ण जवानाच्या पाळीची नेमणूक त्याच आठवड्यात लेखी काढा. ईएमटी काय करील आणि काय करणार नाही, याचे एक पान वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने गाडीत लावा. औषध आणि सुई डॉक्टरांच्या अखत्यारीत राहील, हे त्यात असू द्या. महिन्यातून एकदा रुग्णालयातील डॉक्टरांसोबत बसून त्या महिन्यातील जखमींच्या नोंदी तपासा. दर तिमाहीला कंपनीला अहवाल आणि वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा. ज्या वर्दीत काही कमी पडले, तीही त्यात लिहा, कारण दुसऱ्या तुकडीचा निधी अशाच खऱ्या नोंदींवर मागता येतो.

दुसऱ्या तुकडीचा अर्ज पहिली तुकडी शिकत असतानाच तयार ठेवा. नऊपैकी तिघे शिकले म्हणून काम झाले, असे समजू नका. कोणत्याही पाळीत, कोणत्याही रात्री वर्दी आली तरी गाडीत दोन शिकलेले जवान असले पाहिजेत. तोवर मागणी चालूच ठेवा.