घर बांधताना घरातली मुले

शास्त्रवाचन : स्तोत्रसंहिता १२७, अनुवाद ६:४–९ व २२:८, १ राजे ६:३८–७:१

१२७वे स्तोत्र अवघ्या पाच वचनांचे आहे. आरंभी घर बांधणारे राबताना दिसतात आणि तिसऱ्या वचनापासून एकदम मुलाबाळांचा विषय निघतो. दोन निराळ्या गोष्टी एकत्र कशा आल्या, असे वाटेल. परंतु इब्री भाषेत 'बांधणे' यासाठी 'बाना' व 'पुत्र' यासाठी 'बानीम' असे जवळच्या उच्चाराचे शब्द आहेत. आणि 'बायित' म्हणजे इमारत, तसेच कुटुंबही. मुले लहान असताना ज्यांनी राहते घर दुरुस्तीला काढले आहे, त्यांना हा संबंध समजावून सांगावा लागत नाही. दारात गवंडी हिशेबाला उभा, आणि आत तापाने फणफणलेले मूल !

देवासचा राजवाडा

माळव्यातील धार व देवास ही पवार घराण्याची मराठी संस्थाने. बांधकामाचे शास्त्र त्या भूमीला नवे नव्हते; 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुविद्येवरील ग्रंथ धारच्या भोज राजाच्या नावावर आहे, आणि तो राजा अकराव्या शतकातला. देवास मात्र आपणांस वेगळाच धडा देते.

देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्याकडे १९२१ साली इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर खासगी चिटणीस होते. १९५३ साली निघालेल्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात त्यांनी तेथील नव्या राजवाड्याचे वर्णन केले आहे. बांधकाम वर्षानुवर्षे चाललेले आणि पुरे होण्याआधीच मोडकळीस येऊ लागलेले. नवे पियानो कोरड्या हवेने तडकून निकामी झालेले. न्हाणीघराजवळच्या कपाटात नुसत्या चहाच्या किटल्या! महाराज मनाने प्रेमळ होते, हेही फॉर्स्टर सांगतात. तरीही पितापुत्रांत असा अविश्वास वाढला की, १९२७ साली युवराज विक्रमसिंहराव देवास सोडून गेले. १९३३ साली महाराज स्वतःच पाँडिचेरीस गेले व १९३७ साली तेथेच वारले.

वाड्यामुळे कुटुंब मोडले असे आम्ही म्हणत नाही. त्याची कारणे निराळी होती. पण भिंती उभ्या राहिल्या म्हणजे घर उभे राहिले असे नव्हे, हे येथे स्पष्ट दिसते.

शलमोनाचे तसेच. १२७व्या स्तोत्राच्या मथळ्यावर त्याचेच नाव आहे. मंदिराला त्याने सात वर्षे लावली व स्वतःच्या वाड्याला तेरा. पुढे त्याचा पुत्र रहबाम याने वडीलधाऱ्यांचा सल्ला झिडकारला आणि राज्य दुभंगले. तेरा वर्षांच्या त्या कामात मुलाच्या वाट्याला बाप किती आला असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

गवंड्याकडून शिकावे

धार-देवासकडील जुन्या घराची कवेलू उतरवून स्लॅब घालायचा, तर पावसाळ्यापूर्वी उरकण्याची घाई असते. तथापि, स्लॅब ओतला की काम संपत नाही. त्यावर निदान सात दिवस पाणी धरून ठेवावे लागते आणि खालचे टेकू मुदतीपूर्वी काढता येत नाहीत. बळकटी येते ती ओतण्याच्या गडबडीने नव्हे, तर त्यानंतरच्या शांत ओलाव्याने. मुलांचेही असेच आहे. एके दिवशी खूप बोलून भागत नाही. रोज थोडे लागते.

म्हणून आम्ही इतके सुचवितो. घरातील एक खोली शेवटपर्यंत मोडू नये. मुलांची दप्तरे, अंथरुणे व संध्याकाळचे जेवण तेथेच असावे. कळीचा चुना विझवताना तो उकळून उसळतो व डोळ्यांस इजा करतो, तेव्हा मुलांना तेथे फिरकू देऊ नये. पण विटा मोजणे, गवंड्याला पाणी नेऊन देणे, अशी झेपतील ती कामे त्यांना अवश्य द्यावी. आपल्या हातचे काम जेथे आहे, ते घर मुलाला आपले वाटते.

पैसे कमी पडले तर फरशी पुढच्या वर्षी घालावी. गच्चीचा कठडा मात्र राहू देऊ नये. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, ही आज्ञा अनुवादात आहेच. आणि हिशेब चुकल्याचा राग मुलांवर काढू नये. घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता मुलांशी बोलावे असे अनुवादाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. काम चालू असेल तर ते बंद ठेवावे, अशी सवलत तेथे दिलेली नाही. दाराच्या चौकटीचा उल्लेख त्याच उताऱ्यात, पण मुलांच्या नंतर येतो.

फरशी वर्षभर थांबेल. सहा वर्षांचे मूल मात्र पुढच्या वर्षी सात वर्षांचे झालेले असेल.

वर्गात चर्चेसाठी

१. १२७व्या स्तोत्रात घर आणि मुले एकत्र का आली असावीत ?
२. आपल्या घरी चालू असलेल्या कामात मुलांना कोणता वाटा देता येईल ?
३. कोणता खर्च पुढे ढकलता येईल, आणि कोणता नाही ?