पहिल्या दिवशीचे पाच तारे कुणाच्या कामाचे?

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच दुकानदारांनी एकच प्रश्न विचारला होता, "ताई, गिऱ्हाइकाकडे रिव्ह्यू मागायचा कसा?" व्हिडिओत मी दोन-तीन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी झाले. ते अर्धवट होतं. इथे नीट लिहिते, कारण या विषयात मी स्वतः चांगली आपटलेय.

नवीन आलेल्यांसाठी सांगते. माझं दुकान आंबिवली स्टेशनजवळ आहे. सुरुवात कॉम्प्युटरच्या मालाने केली: रॅम, एसएसडी, यूपीएस, राउटर, कीबोर्ड. मग पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी कसारा लोकल पकडणारी ट्रेकची पोरं दिसायला लागली. माहुलीला जायचं तर आसनगावला उतरायचं, आमच्याकडून चौथं स्टेशन. म्हटलं, एक भिंत यांच्यासाठी ठेवू. तिथे सॅक, पोंचो, हेडटॉर्च आणि बूट लावले. रॅमच्या शेजारी बूट बघून लोक हसायचे, पण माल खपायचा.

२०२२ च्या जूनमधली गोष्ट. कॉलेजातल्या एका मुलाने ट्रेकिंगचे बूट घेतले. तेव्हा माझी एक स्कीम होती: दुकानातच मोबाईलवर पाच तारे द्या, १६ जीबीचा पेन ड्राइव्ह फुकट. पोराने काउंटरवर उभ्या उभ्या लिहिलं, "एकदम मजबूत बूट." मी खूश. तो रिव्ह्यू वाचून त्याच्याच ग्रुपमधल्या एका मुलीने तसेच बूट नेले.

जुलैच्या शेवटी त्या मुलाचे वडील आले. हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांनी बूट काउंटरवर ठेवले. तळवा अख्खा सुटलेला, मधला थर खारी बिस्किटासारखा चुरा होऊन पडलेला. माहुली उतरताना ओल्या दगडांवर तळवा निघाला, पोराने नाडी काढून तो बुटाला बांधला आणि तसाच खाली आला. काका आवाज न चढवता म्हणाले, "ताई, ते पाच तारे परत काढता येतात का हो?"

मी काहीच बोलू शकले नाही. पोराचा पाय मुरगळला नाही, हे माझं नशीब.

आता चूक कुठे झाली ते बघा. बूट २०१९ चा माल होता. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, खोके माळ्यावर. मला वाटायचं, न वापरलेला बूट म्हणजे नवा बूट. तसं नसतं. बऱ्याच बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतला दमटपणा त्या थराला आतून फोडत जातो. बूट पायात असो वा खोक्यात, ही क्रिया चालूच राहते. आणि आपल्याकडचे जून ते सप्टेंबर म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, कपाटातली चामडी पर्ससुद्धा हिरवी होते. बाहेरून बूट कोरा दिसतो आणि पाचव्या तासाला तळवा सोडतो. ईव्हीए नावाच्या फोमचा थर दबून चपटा होतो, पण असा चुरा होत नाही. हे मला बूट विकायच्या आधी माहीत असायला हवं होतं.

पण बुटापेक्षा मोठा दोष त्या रिव्ह्यूचा होता. बूट पायात घालून दहा मिनिटं झालेला मुलगा मजबुतीबद्दल काय सांगणार? मीच त्याच्याकडून ते वदवून घेतलं, पेन ड्राइव्ह देऊन, आणि त्या वाक्यावर विश्वास ठेवून दुसऱ्या मुलीने पैसे घातले.

दोघांचे पैसे परत केले. मग बिलबुक काढलं. त्या लॉटचे अकरा जोड गेले होते. आठ जणांचे नंबर सापडले, आठही जणांना फोन केला. दोघं म्हणाले, बूट ठीक आहेत. मी म्हटलं, तरी आणून द्या. त्या महिन्यात बुटांचा सगळा नफा गेला आणि वर खिशातले गेले. अकरातले तीन जोड आजही कुठे आहेत मला माहीत नाही.

त्यानंतर मी पेन ड्राइव्हची स्कीम बंद केली आणि एक दोनशे पानी वही आणली. आम्ही तिला अनुभवाची वही म्हणतो. (बीबीएच्या अभ्यासक्रमात 'कन्झ्युमर फीडबॅक' असं एक प्रकरण होतं. मार्क चांगले पडले होते. उपयोग शून्य.) वहीत तारे नसतात. वस्तू कधी घेतली, कुठे वापरली, कशाला लावली, किती दिवस चालली आणि बिघडली तर नेमकं काय झालं, एवढंच असतं.

हे का, ते यूपीएसच्या उदाहरणावरून कळेल. एकाच कंपनीचा, एकाच क्षमतेचा, ६०० व्हीएचा यूपीएस दोघांना दिला. वडवलीच्या एका बाई म्हणाल्या, "लाइट गेली की दोन मिनिटांत टूं टूं करून बंद. फसवलंत." मोहन्याचे एक काका म्हणाले, "दीड तास वायफाय चालतं, झकास." कोण खोटं बोलतंय? कुणीच नाही. बाईंनी कॉम्प्युटरसोबत लेझर प्रिंटरही यूपीएसवर लावला होता. लेझर प्रिंटर आतला रोलर तापवताना एवढी वीज ओढतो की छोट्या यूपीएसचा जीवच जातो. काकांनी फक्त राउटर लावला होता. एकाचा एक तारा, दुसऱ्याचे पाच तारे, सरासरी तीन, आणि त्या तीनमधून नव्या गिऱ्हाइकाला काहीही समजत नाही. "कशाला लावला?" हा एक प्रश्न विचारला की दोन्ही अनुभव सोन्यासारखे. आता यूपीएस देताना मी आधी विचारते, घरात प्रिंटर आहे का?

वही ठेवायला लागल्यावर अजून एक गंमत झाली. एका भिंतीचा अनुभव दुसऱ्या भिंतीला कामाला येतो. ऑफिसला जाणारे लोक सांगायचे, सॅकला रेनकव्हर घातलं तरी लॅपटॉप ओला झाला. मला वाटायचं कव्हर फाटलं असेल. एक जुना ट्रेकर पोंचो घ्यायला आला होता, तो म्हणाला, "ताई, कव्हर पाठीकडून उघडंच असतं ना! मानेवरून पाणी ओघळतं आणि पाठीच्या बाजूने आत शिरतं. आम्ही सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालतो आणि सामान तिच्यात." इतकं साधं. त्यात लोकलची गर्दी, सॅक पुढे छातीवर घ्यायची, म्हणजे दुसऱ्याच्या छत्रीचं पाणी थेट उघड्या बाजूला. तेव्हापासून लॅपटॉप बॅग घेणाऱ्याला मी आतल्या पिशवीचं सांगते आणि कोण सांगून गेलं तेही सांगते, नाव न घेता. "एक ट्रेकर म्हणाला" एवढं पुरतं. गिऱ्हाइकाला मी विकतेय असं वाटत नाही, कुणीतरी अनुभवी माणूस बोलतोय असं वाटतं. आणि ते खरंच असतं.

ही काही माझी अक्कल नाही. आपल्याकडे ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल आला की वाटून घ्यायचा. माझी मावशी डोंबिवलीत अशा एका संघात होती. ती सांगायची, वाटपाला बसलं की मागच्या महिन्याची डाळ शिजली की नाही हे न विचारता कळायचं. ते बोलणं महिनाभर वापरल्यानंतरचं असायचं. त्यात कुणाला पेन ड्राइव्ह मिळालेला नसायचा.

आता कायद्याचं थोडं, कारण कमेंटमध्ये "स्कीम देण्यात काय वाईट" असं विचारणारे बरेच आहेत. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. विकत घेतलेले किंवा विक्रेत्याने माणसं लावून लिहवून घेतलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करू नयेत, असं त्यात आहे. ते मानक पाळणं ऐच्छिक म्हणून आलं, पण गूगल मॅप्सचे स्वतःचे नियमही बक्षीस देऊन रिव्ह्यू घ्यायला मनाई करतात. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात दोन गोष्टी दुकानदाराने पाठ कराव्यात. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. आणि गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती दुसऱ्याला देणं, हीसुद्धा. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट नाव-नंबरासकट स्टेटसला टाकू नका. कितीही गोड लिहिलेलं असलं तरी आधी विचारा. बुटाच्या वेळी माझे ३० दिवस उलटले होते. पण ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला २ वर्षं असतात, आणि ते काका तर १९१५ हेल्पलाइनला फोनही करू शकले असते. केला नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

तर मागायचं कसं? विक्रीच्या दिवशी काहीच मागू नका. मी यूपीएसवाल्याला पहिला मोठा पाऊस झाला की फोन करते, बुटवाल्याला दोन ट्रेक झाल्यावर, एसएसडी किंवा रॅमवाल्याला सहा महिन्यांनी. "कसं वाटलं?" असं विचारलं की "छान" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, "त्रास कुठे झाला?" लोक मनापासून बोलतात. एकाने हेडटॉर्चबद्दल सांगितलं, बटण सॅकमध्येच दाबलं जातं आणि रात्री सेल संपलेले. आता मी टॉर्च देताना सांगते, एक सेल उलटा घालून ठेवा.

धंदा दुप्पट झाला वगैरे मी सांगणार नाही. बुटांची विक्री कमी झाली, कारण आता मी सीझनपुरताच माल मागवते आणि खोक्यावर आल्याची तारीख मार्करने लिहिते. होलसेलवाला कुरकुर करतो. पण परत येणारा माल बराच घटलाय, आणि "वहीत काय लिहिलंय बघा ना ताई" असं म्हणणारी गिऱ्हाइकं वाढलीत.

ते काका परवा आले होते, राउटर घ्यायला. पोराचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. वही मात्र मागून घेतली आणि राउटरची दोन पानं चष्मा लावून शांतपणे वाचली.

पुढच्या व्हिडिओत वहीची रिकामी पानं कशी आखायची ते दाखवते. तोपर्यंत गेल्या जूनची बिलं काढा आणि त्यातल्या पाच जणांना फोन लावा.