घटस्फोटाच्या वकिलाची पहिली भेट : आधीची तयारी

घटस्फोटाच्या वकिलाशी होणारी पहिली भेट ही सल्ल्यापुरती असते. प्रकरण त्याच्या हाती सोपवण्याची ती वेळ नव्हे. समोरचा माणूस मात्र बहुधा तसे भासवत नाही, म्हणून तयारी घरूनच करून जावी लागते.

आधी कागद. विवाह नोंदणीचा दाखला, तो नसेल तर लग्नपत्रिका आणि विधींचे फोटो, मुलांचे जन्मदाखले, पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्रे, बँकेचे खातेउतारे, घराचा करारनामा, त्याच्या नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू आणि कर्जाचा हप्ता कोणाच्या खात्यातून जातो त्याचा पुरावा, माहेरहून आलेल्या दागिन्यांच्या पावत्या. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले, त्यामुळे हे सगळे आज ना उद्या लागतेच. नवऱ्याचे उत्पन्न नुसते तोंडी सांगून भागत नाही. प्रकरण कोर्टात जाणार असा वास लागताच दिवाळीत नवी गाडी घेणारा गृहस्थ एकाएकी कर्जबाजारी होतो, ही किमया प्रस्तुत लेखिकेने जवळून पाहिली आहे.

कागद न्यायचे ते झेरॉक्स. मूळ प्रती दाखवाव्या लागल्याच तर दाखवून परत पिशवीत घालाव्यात. लेखिकेने पहिल्याच भेटीत ‘झेरॉक्स चालतील ना?’ असे स्पष्ट विचारले होते. ‘ताई, कोर्ट ओरिजिनल मागतं. ठेवून जा, विश्वास ठेवा,’ असे उत्तर आले आणि कारकुनाने दाखला, करारनामा, पावत्या फायलीत घालून नाडी आवळली. पोच मागितली तेव्हा वकीलसाहेब फोनवर बोलत होते. ते बोलतच राहिले.

पुढे अर्जाचा मसुदा आला. त्यात लग्न नाशिकला झाले होते आणि अर्जदाराला दोन मुलगे होते. लेखिकेचे लग्न साताऱ्याचे, मूल एक, तेही मुलगी. दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज नावे बदलून पुढे केला होता, आणि तिथेच कळले की पहिल्या भेटीत सांगितलेले एक अक्षरही कुणी टिपून घेतले नव्हते. खुलासा विचारल्यावर सगळे टायपिस्टवर ढकलले गेले. वकील बदलण्याचा विषय निघताच मात्र साहेबांना कागदांची आठवण झाली: पूर्ण फी भरा, मग ना-हरकत आणि फाईल. वास्तविक फीसाठी वकिलाला अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, तसे करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात २००० सालीच दिला आहे. हा निकाल माहीत असलेला अशील वकिलाला फारसा आवडत नाही, असे दिसते. वकीलपत्रावर पहिल्या भेटीतच सही करू नये ती यासाठीच. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

कागदांच्या जोडीला एक पानी तारीखवार टिपण असावे: लग्न कधी व कुठे झाले, शेवटचे एकत्र राहणे कुठे, वेगळे कधीपासून. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ प्रमाणे लग्नानंतर वर्षभरात सहसा अर्ज करता येत नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्ज केल्यानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी माफ करता येते, हे २०१७ साली अमरदीप सिंग खटल्यात ठरले. पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. ‘नवऱ्याच्याच गावी जावे लागेल’ असे कोणी ठामपणे सांगत असेल तर त्याने कायदा उघडून बघितलेला नाही. सासूबाईंच्या टोमण्यांची यादी मात्र घरीच ठेवावी. ती सल्ल्याचा वेळ खाते.

वकिलाशी केलेले बोलणे कायद्याने गोपनीय असते, म्हणून आपल्या बाजूचे अडचणीचे संदेश, व्यवहारही सांगून टाकावेत. मोबाईलमधले काही पुसू नये. सोबत विश्वासाचे एक माणूस असावे, पण मध्येमध्ये बोलणारी मावशी नको. मन शांत ठेवावे, वगैरे सगळेच सांगतात.

फीची बोलणी टप्प्याटप्प्याने आणि लेखी व्हावीत: मसुदा, प्रत्येक तारीख, अंतरिम पोटगीचा अर्ज, अपील. तारखेला स्वतः उभे राहणार की ज्युनिअर, हेही विचारावे. मिळणाऱ्या पोटगीत टक्केवारी मागणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. वकिलाविरुद्धची तक्रार महाराष्ट्र व गोव्यासाठी असलेल्या बार कौन्सिलकडे जाते, आणि तिथे दिलेल्या पैशांची पावती व कागदांची पोच कामी येते.