बाळंतिणीची पिशवी : मुक्काम लांबला तर

आपल्या प्रसूती विभागात दाखल होणारी बहुतेक कुटुंबे दोन दिवसांच्या तयारीने येतात. सुलभ प्रसूती झाली, माता व बालक दोघेही सुखरूप असले, तर एवढी तयारी पुरते. तथापि काही वेळा शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागते, मातेचा रक्तदाब वाढतो, बाळ ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच जन्मते, त्याचे वजन अडीच किलोपेक्षा कमी भरते अथवा त्यास कावीळ होते. अशा वेळी मुक्काम आठवड्यावर, क्वचित महिन्यावरही जातो. केंद्र शासनाने २०११ साली सुरू केलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातही शासकीय रुग्णालयांतील मोफत आहाराची तरतूद सुलभ प्रसूतीसाठी ३ दिवस व शस्त्रक्रियेसाठी ७ दिवस अशी निरनिराळी केलेली आहे. घरच्या पिशवीची आखणीही याच हिशेबाने व्हावी, या हेतूने हे टिपण वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम कागदपत्रे

आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. आमचे काम खिडकीच्या अलीकडचे, नोंदी व हिशेबाचे. म्हणून आरंभ कागदांपासून करतो. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे व रक्ततपासणीचे सर्व अहवाल आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या पाकिटात असाव्यात. रक्तगटाचा अहवाल विशेष महत्त्वाचा. मातेचा रक्तगट आर.एच. निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत मातेस अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. ते पुढील गर्भाच्या रक्षणासाठी असते.

त्याच पाकिटात शिधापत्रिका, ओळखपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ठेवावा. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून अमलात आहे. मुक्काम लांबला की देयक वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी वडिलांना दाखल्यासाठी तालुक्याच्या गावी धावावे लागते. गर्भारपणाच्या सातव्या महिन्यात काढून ठेवलेला एक दाखला ही धावपळ वाचवितो.

माता-पित्यांच्या आधार कार्डांच्या प्रतीही सोबत असाव्यात. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी असा नियम आहे व रुग्णालयाकडून ती कळविली जाते. परंतु नावाचे स्पेलिंग कुटुंबानेच तपासून द्यावयाचे असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांस शाळाप्रवेशापासून पुढील अनेक कामांसाठी हा दाखलाच जन्माचा पुरावा धरला जातो. एका अक्षराची चूक पुढे अनेक हेलपाट्यांस कारण होते.

मातेची पिशवी

आमच्या पाहण्यात येते ते असे, की बाळाच्या पिशवीत टोपडी, झबली भरभरून असतात आणि मातेसाठी मात्र एखादाच गाऊन. वास्तविक लांबलेल्या मुक्कामात अधिक गरज तिची असते. पुढून उघडणारे सैल सुती गाऊन किमान चार, मोठे सॅनिटरी पॅड, अंतर्वस्त्रे, टॉवेल, साबण, दात घासण्याचे साहित्य, कंगवा, पातळ चादर आणि तळ न घसरणाऱ्या चपला घ्याव्यात. शस्त्रक्रियेनंतर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर लवकर चालावयास सांगतात. त्या वेळी साध्या चपलेचेही मोल कळते. थायरॉईड, रक्तदाब वा मधुमेहाची औषधे चालू असल्यास ती सोबत आणून परिचारिकेस दाखवावीत. डिंकाचे वा अळिवाचे लाडू अवश्य आणावेत. मात्र ते केव्हा द्यावयाचे हे डॉक्टरांस विचारूनच ठरवावे. दागिने घरीच ठेवावेत.

बाळाची पिशवी

आपल्याकडील बाळंतविड्याची प्रथा सुंदर आहे. तथापि नवे कपडे एकदा धुऊन, कडक उन्हात वाळवूनच आणावेत. जुन्या, मऊ सुती लुगड्याची अथवा धोतराची दुपटी सर्वांत उत्तम. लंगोट दीड-दोन डझन असावेत, कारण पावसाळ्यात ते लवकर वाळत नाहीत. काविळीसाठी बाळास निळ्या प्रकाशाखाली ठेवतात तेव्हा त्याच्या अंगावर केवळ लंगोट व डोळ्यांवर पट्टी असते. म्हणजे झबल्यांपेक्षा लंगोटच अधिक लागतात.

काजळ, मध, गुटी, दुधाची बाटली व डब्यातील भुकटी पिशवीत नकोत. मधातून लहान बाळास गंभीर विषबाधा होऊ शकते. प्रसूतीनंतर पहिल्या तासातच स्तनपान सुरू करावे व पहिले चिकाचे दूध बाळास अवश्य पाजावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. बाळास ओढून पिता येत नसेल, तर मातेचे दूध काढून वाटी-चमच्याने पाजतात. त्यासाठी उकळता येईल अशी स्टीलची वाटी व चमचा ठेवावा.

बाळ अतिदक्षता विभागात असेल तेव्हा

ही वेळ कुटुंबाची खरी कसोटी पाहते. मातेस घरी जाण्याची परवानगी मिळते, पण बाळ आत असते. अशा वेळी तिला घरी पाठविण्याची घाई करू नये. तिचे दूध हे बाळाचे औषध आहे, आणि तिच्या छातीची ऊब हेही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांना दररोज ८ ते २४ तास त्वचेशी त्वचा लावून छातीशी धरण्याची शिफारस केली आहे. हे काम वडीलही करू शकतात. म्हणून वडिलांच्या पिशवीत पुढून बटणे असलेला एक धुतलेला सुती सदरा अवश्य असावा.

सोबत राहणाऱ्या व्यक्तीसाठी पांघरूण, पाण्याची बाटली, नेहमीची औषधे, मोबाईलचा चार्जर, थोडे सुटे पैसे व एक वही पुरेशी आहे. वहीत डॉक्टरांच्या सूचना, औषधांच्या वेळा व भरलेल्या पावत्यांचे क्रमांक लिहावेत. सोबतीण बदलली तरी माहिती तुटत नाही.

केव्हा व कोणी भरावी

छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत पिशवी तयार असावी. जुळी अथवा जोखमीची गर्भावस्था असल्यास त्याहून महिनाभर आधी. दुसरी लहान पिशवी भरून घरीच ठेवावी व मुक्काम वाढल्यास मागवावी. कोणती वस्तू कोठे आहे हे केवळ गर्भवतीस ठाऊक असून भागत नाही, कारण ऐनवेळी सांगण्याच्या स्थितीत ती नसते. वस्तूंची यादी पिशवीतच ठेवावी व घरातील आणखी एकास दाखवून ठेवावी.

काही माता मात्र नेसत्या वस्त्रानिशी, मध्यरात्री दूरच्या पाड्यावरून येतात. त्यांना हे टिपण आधी वाचावयास मिळालेले नसते. आमच्या देणगीदारांनी मोठ्या यंत्रांसाठी सढळ हाताने साहाय्य केले आहे. त्याच्या जोडीला दोन गाऊन, चार दुपटी, डझनभर लंगोट, पॅड, साबण, चपला व वाटी-चमचा एवढा एक बाळंतविडा कोणी एखाद्या अनोळखी बाळंतिणीसाठी द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे. त्याची रक्कम ताळेबंदात लहान दिसेल. परंतु ज्या रात्री तो उघडला जाईल, त्या रात्री ती माता बाळापासून दूर न जाता त्याच्याजवळ राहू शकेल.