झोप लागते का, तेवढं सांग
लेस्टर

चि. मुक्ता,


काल मिरजेहून अक्काचा फोन आला. तुला रात्र-रात्र झोप नाही, राजीनाम्याच्या गोष्टी करतेस म्हणे. बर्मिंगहॅम इथून तासाभरावर, आणि मला हे मिरजेहून कळावं? राग आलाय, सांगून ठेवते.

तडकाफडकी राजीनामा देऊ नकोस. तुझा व्हिसा त्या हॉस्पिटलच्या नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली की साधारण 60 दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर चालू लागा. वरच्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर ख्रिसमसच्या नाइट्स तुझ्या गळ्यात पडतात. तू शिकवलेली पोर बढती मिळून बँड सहाला गेली, तू पाचावरच. पेशंट म्हणतो 'ही नको, दुसरी पाठवा', आणि इन्चार्ज त्याला काही न बोलता तुलाच दुसऱ्या बेडकडे पाठवते.

मनाला लावून घेऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. लागतंच. पण 'माझ्यातच काही कमी असेल' हे डोक्यातून काढ. एनएचएस स्वतःच 2015 पासून दरवर्षी हिशेब मांडते: निवड कुणाची होते, चौकशी कुणावर लागते, छळ कुणाचा होतो. गोऱ्यांचे आकडे वेगळे, आपले वेगळे. झोप मात्र तुझी एकटीची उडते.

मी 1972 ला आले तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी मुलींना दोन वर्षांच्या एसईएन नर्सिंग कोर्सला घातलं. सिस्टर व्हायला तीन वर्षांचं एसआरएन लागे, हे कागद भरताना कुणी सांगितलं नाही. कळलं तेव्हा गिळून बसले. पुढे कित्येक वर्षं ड्यूटीच्या आदल्या रात्री पोटात गोळा यायचा. तुझे काका म्हणायचे, पित्त आहे. पित्त कसलं!

म्हणून झोपेचं पुन्हा पुन्हा विचारते. एक वही कर. तारीख, कोण काय बोललं, समोर कोण होतं, सगळं त्याच दिवशी लिही. युनियनच्या बाईंना भेट, ट्रस्टच्या 'फ्रीडम टू स्पीक अप' गार्डियनलाही. पुढे भेदभावाचा दावा करायचा झाला, तर त्याची मुदत महिन्यांत मोजतात, वर्षांत नाही. आणि जीपीकडे जा. नर्सलाच कसली गं लाज?

फार बोलले का? पुढच्या ऑफला इकडेच ये. ज्वारीचं पीठ मिळालंय, भाकरी करते. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, दिवसभर झोप. गाडी कुठली धरतेस तेवढं कळव, स्टेशनवर येते.

तुझी,
कुंदामावशी