माळरानाचे रहिवासी

वन्य प्राणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मेळघाटचा वाघ किंवा सह्याद्रीच्या दाट रानातील गवा उभा राहतो. सोलापूर जिल्ह्यात तसे अरण्य नाही. पर्जन्यछायेतील हा प्रदेश. काळ्या दगडावर मुरमाचा पातळ थर, त्यावर कुसळी गवत आणि मधूनच एखादी बोर, हिवर किंवा बाभूळ. शहरातील भवानी पेठेत वाढलेल्या मुलाला अशा माळावर पाहण्यासारखे काहीच नाही असे वाटले, तर त्यात नवल नाही. परंतु त्या पेठेपासून अवघ्या वीस-बावीस किलोमीटर अंतरावर, बार्शी रस्त्यावरील नान्नजच्या माळावर, असे पशुपक्षी नांदत आले आहेत की ज्यांना घनदाट अरण्य मुळीच मानवणार नाही. त्यांचे सारे शरीर, सारी राहणी उघड्या जमिनीसाठी घडलेली आहे.

महसुली दप्तरात मात्र अशा जमिनीची नोंद पडीक, पोटखराबा किंवा गायरान अशी होते. ‘पडीक’ या एका शब्दाने पुष्कळ गोष्टी ठरून जातात. जे पडीक आहे त्याचा काही तरी उपयोग केला पाहिजे, असे कोणत्याही कर्तव्यदक्ष अधिकाऱ्यास किंवा सरपंचास वाटणारच. माळावरील प्राण्यांपुढील संकटाचा बराचसा भाग या सद्‌हेतूतूनच निर्माण झालेला आहे, ही गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे.

झाडावर न बसणारा पक्षी

प्रथम माळढोकाचा विचार करू. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातील अत्यंत वजनदार अशा पक्ष्यांत त्याची गणना होते. उभा राहिला म्हणजे तो सुमारे एक मीटर उंच दिसतो. पूर्ण वाढ झालेल्या नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते; मादी साधारणपणे त्याच्या निम्म्या वजनाची असते. त्याच्या पायास पुढे तीन बोटे आहेत, मागचे बोट नाही. त्यामुळे त्याला फांदीची पकड घेता येत नाही व तो झाडावर कधी बसत नाही. हे पाय चालण्यासाठी आहेत आणि माळढोक दिवसभर चालतो. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे, शेतातील हरभरा व भुईमूग असे जे मिळेल ते वेचीत तो फिरतो.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. माळावर शत्रू कोणत्याही दिशेने येऊ शकतो. तेव्हा फारशी मान न वळविता चौफेर दिसणे हे मोठेच संरक्षण होय. या सोयीची किंमत अशी की, नेमके समोरचे पाहण्याचा टापू अरुंद राहतो. हजारो वर्षे या उणिवेने त्याचे काही बिघडले नाही, कारण माळाच्या आकाशात समोरून आडवे येणारे काही नव्हतेच.

पावसाळ्यात दख्खनच्या माळावर त्याचा विणीचा हंगाम येतो. त्या काळी नर उंचवट्याची जागा धरून उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवून ती पांढऱ्या झोळीसारखी खाली सोडतो, शेपूट पाठीवर उभारतो आणि खोल, घुमणारा आवाज काढतो. हा आवाज दूरवर ऐकू जातो. आवाज ऐकून मादी येते. परंतु ती येण्यासाठी नर तिला दिसलाही पाहिजे, आणि मध्ये झाडी असेल तर तो दिसणार कसा? पुढची सारी जबाबदारी मादीची. ती घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवरील उथळ खळग्यात बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे २७ दिवस ते उबवते. अंड्याचा मातकट, ठिपकेदार रंग मुरमात इतका मिसळून जातो की चार पावलांवरूनही ते नजरेस पडू नये. कोणी फारच जवळ आले तर मादी जखमी झाल्याचे सोंग करून त्यास दूर नेते. पिलू जवळजवळ वर्षभर आईच्या सोबतीने राहते.

वर्षाला एक अंडे, आणि तेही जमिनीवर. ज्या पक्ष्याची वाढ इतकी संथ आहे त्याची संख्या एकदा घटली म्हणजे ती भरून येण्यास किती काळ लागेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने माळढोकाचा समावेश अतिसंकटग्रस्त वर्गात केला. तेव्हा जगात सुमारे २५० पक्षी असावेत असा अंदाज होता. २०१८ च्या सुमारास तो आकडा १५० वर आला, व त्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला गेल्या काही वर्षांत एखाद-दुसराच पक्षी आढळतो. राष्ट्रीय पक्षी म्हणून डॉ. सलीम अली यांनी याच पक्ष्याचे नाव पुढे केले होते, याचे आज अनेकांस विस्मरण झाले आहे. १९६३ मध्ये तो मान मोरास मिळाला.

काळवीट, पखुर्डी आणि लांडगा

काळवीटही उघड्यावरचाच प्राणी. लपण्यास जागा नाही म्हणून कळप, तीक्ष्ण नजर आणि वेग ही त्याची शस्त्रे. तो ताशी ८० किलोमीटरपर्यंत धावतो. नराचा काळा रंग आणि पिळाची शिंगे दुरून दिसतात. मादीचा रंग मात्र वाळलेल्या गवतासारखा. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र दोन चौरस किलोमीटरहून थोडेच अधिक, तरीही काळवीट तेथे चांगले टिकले. नान्नजच्या माळावरही त्यांचे कळप सहज दिसतात. शेतकऱ्यास ते सुखाचे वाटत नाही, हेही खरे. उगवत्या पिकात कळप शिरला की रात्रीत नुकसान होते. पीकहानीसाठी शासनाची भरपाई योजना आहे. पण तिचा पंचनामा वेळेवर होणे हा वन्यजीव संरक्षणाचाच भाग मानला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पखुर्डी हा कबुतराएवढा, जमिनीच्या रंगाचा पक्षी. त्याची पिले कोरड्या माळावर जन्मतात आणि पाणी दूर असते. नर पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवितो. या पिसांची रचना अशी असते की ती पाणी धरून ठेवतात. तो पिलांकडे परत आला म्हणजे ती त्याच्या पोटाखाली शिरून पिसांतील पाणी चोचीने ओढून घेतात. पखालीची ही युक्ती निसर्गाने माणसाच्या किती तरी आधी योजिली!

लांडग्याची बदनामी अधिक, ओळख कमी. देशात भारतीय लांडगे सुमारे ३ हजारच उरले असावेत. म्हणजे ते संख्येने वाघांपेक्षाही कमी आहेत. तो रात्रीतून कोसच्या कोस चालतो, ओढ्याच्या काठी बीळ करून हिवाळ्यात पिले वाढवितो. काळवीट कमी झाले की धनगरांच्या मेंढ्यांवर त्याची भिस्त राहते. धनगर त्याला शिव्या देतो, मेंढपाळी कुत्री ठेवतो, पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या सोबतीने राहत आला आहे. हा व्यवहार मोडला तो माळच आकसल्याने.

एका अभयारण्याची कहाणी

सोलापूरचे निसर्ग अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० नंतरच्या दशकात नान्नजच्या माळढोकाकडे शासनाचे व जाणकारांचे लक्ष वेधले. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली येथे चाऱ्यासाठी काही भूखंड राखण्यात आले होते. चराई थांबली, गवत वाढले, गवताबरोबर टोळ आले आणि टोळांमागे माळढोक. गुरांच्या वैरणीसाठी आखलेली योजना एका दुर्मीळ पक्ष्याच्या उपयोगी पडली. विकासाची योजना आणि वन्यजीव यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल. मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाने १९८१ पासून माळढोकाचा जो अभ्यास हाती घेतला, त्यात डॉ. असद रहमानी यांनी नान्नजलाही काम केले.

१९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते, म्हणजे गोवा राज्याच्या दुपटीहूनही अधिक! सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील कित्येक गावे, बागायती शेते, रस्ते आणि बाजारपेठा त्यात आल्या. प्रत्यक्ष राखलेले गवताळ भूखंड मात्र त्याचा अगदी लहानसा अंश होते. जमिनीचे व्यवहार, खाणकाम, नवे उद्योग यांवर बंधने आली आणि ज्या शेतकऱ्यांच्या शेतात माळढोक दाणे टिपीत असे, त्यांनाच तो अडचणीचा वाटू लागला. पुढे न्यायालयाच्या संमतीने २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. कागदावरील मोठ्या क्षेत्राने पक्षी वाचत नाही आणि लोकांचा सद्‌भाव मात्र गमावला जातो.

दरम्यान जिल्हा बदलत होता. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. पाण्याने जिल्ह्याचे दारिद्र्य हटविले, याबद्दल कोणी कुरकुर करू नये. परंतु ज्वारी-हरभऱ्याच्या जागी ऊस आला की माळढोकाला त्या शेताचा उपयोग उरत नाही. उसात त्याला चालताही येत नाही आणि दिसतही नाही. उरलेल्या माळांवर वृक्षारोपण झाले. गिरिपुष्प, सुबाभूळ यांची रोपे गवतात लावली गेली. झाड लावणे हे पुण्यकर्मच, असे आपण शाळेपासून शिकवितो. माळावर मात्र तेच झाड माळढोकाची नजर अडविते, गवत हटविते आणि काळविटाची पळण्याची वाट रोखते.

वीजतारांचे संकट याहून गंभीर आहे. ज्या पक्ष्यास समोरचे नीट दिसत नाही आणि जडपणामुळे ऐनवेळी वळता येत नाही, तो तारेवर आदळतो. राजस्थान व गुजरातमध्ये सौर व पवनऊर्जेच्या वाहिन्या माळढोकाच्या क्षेत्रातून गेल्याने सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्या भूमिगत करण्याविषयी आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविण्यात आला. स्वच्छ ऊर्जा हवी आणि माळढोकही हवा. त्यामुळे वाहिनीचा मार्ग आखतानाच विचार व्हावा हे उत्तम. जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून अंडी कृत्रिम रीतीने उबवून पिले वाढविण्यात यश येत आहे. ही पिले मोठी झाल्यावर त्यांना माळच लागेल, पिंजरा नव्हे.

ग्रामपंचायतीच्या हाती काय आहे?

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न बहुधा गावाच्या स्वच्छतेपुरताच पाहिला जातो. नान्नजच्या खोकडांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की, कुत्रे जवळपास असले की खोकड भक्ष्य सोडून ती जागा टाळतो. कुत्री जमिनीवरील अंडी व पिले खातात आणि रोगही पसरवितात. लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये पुणे परिसरातून प्रसिद्ध झाला. मेलेली जनावरे व कोंबड्यांची घाण माळाच्या कडेला टाकणे बंद केले, तर कुत्र्यांचे कळप आपोआप कमी होतात. त्यास अनुदानाची गरज नाही. माळालगतच्या उघड्या विहिरींस कठडे बांधणे हेही तसेच काम. त्यात काळवीट, लांडगे आणि कधी माणसेही पडतात.

गायरानावर झाडे लावण्याचा ठराव आला, तर सदस्यांनी आधी गावातील वृद्ध गुराख्यांना विचारावे की तेथे कोणते गवत येते, पावसाळ्यात कोणते पक्षी जमिनीवर बसतात. रस्त्याच्या कडा, ओढ्याचे काठ, शाळेचे आवार येथे झाडांस जागा पुष्कळ आहे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. तिच्यात झाडांची व पिकांची पाने भरतात, माळाचे पान पुष्कळदा कोरे राहते. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून ते भरून घ्यावे: गवतांची गावात चालणारी नावे, पाणवठे, काळविटांच्या कळपांची वर्षातून दोनदा मोजणी, आणि जून ते ऑक्टोबर या काळात माळावर अंडी असल्याने त्या दिवसांत कोणत्या भागात चराई थांबवावी, याची नोंद.